जमीन नसलेलं घर

बँकॉकमध्ये घर घ्यायचं ठरवतेय, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आबांनी, माझ्या वडलांनी, पहिला प्रश्न विचारला तो जमिनीचा. किती गुंठं हाय, म्हणाले. मी सांगितलं, जमीन नाही, एका मोठ्या इमारतीत अकराव्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मग त्यांनी विचारलं, इमारत उभी आहे ती जमीन कुणाची. मी म्हटलं, सगळ्या मालकांची मिळून. त्यातली आपली कुठली, हे काही मला दाखवता येणार नव्हतं. शिवाय त्या देशात परदेशी माणसाला नुसती जमीन विकत मिळत नाही, फक्त असा इमारतीतला फ्लॅट घेता येतो. तिकडं त्याला काँडो म्हणतात. एवढं ऐकून आबांनी फोन आईकडे दिला.

आमचं गाव आष्ट्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. घरचा ऊस. आबा चोवीस वर्षं फौजेत होते, सुभेदार होऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी बांधावर उभे राहिले, असं आई सांगते. मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, मग साखरेचं तंत्रज्ञान, आणि नऊ वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला. पुढे साखर कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीनं मला बँकॉकच्या कचेरीत घेतलं. थायलंडात ऊस अमाप पिकतो. तिथल्या पहिल्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरले आणि मळीचा तोच आंबूस वास आला, तेव्हा परदेशात आल्याचं निम्मं दडपण तिथंच उतरलं.

लग्न झालं नाही. स्थळं आली, काही पसंतही पडली, काहींना मी पडले नाही, आणि एका वर्षी ती यायचीच थांबली. याचं आईला वाईट वाटायचं, मला सवय झाली. दर वर्षी दिवाळीला, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी पंधरा-वीस दिवस गावी जायची. मधल्या काळात दादानं जुनं घर पाडून नवं बांधलं. नकाशा त्यानं मला पाठवला होता. वरच्या मजल्यावर एका चौकोनात ‘पाहुण्यांची खोली’ असं लिहिलेलं होतं. वहिनी फोनवर म्हणाली, “वन्सं, ती तुमचीच हाय बरं का.” ती मनापासून म्हणत होती. मीही मनापासून बरं म्हटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी आबांना हृदयाचा थोडा त्रास झाला. आपल्यामागं कुणाची धावपळ नको म्हणून जमीन हयातीतच दादाच्या नावावर करायचं त्यांनी ठरवलं. मुलीचाही हिस्सा असतो, तेव्हा मला हक्कसोड लिहून द्यावी लागणार होती. आम्ही सगळे तालुक्याच्या गावी निबंधकाच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईनं विचारलं, राजीखुशीनं सोडताय ना. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. ऊस दादानं राखला होता, पाण्याच्या पाळ्या त्यानं रात्री-अपरात्री केल्या होत्या. कॅमेऱ्याकडे बघायला सांगून माझा फोटो काढला, सही आणि अंगठा घेतला. बाहेर आल्यावर दादानं सगळ्यांना रस पाजला. आबांनी अर्धा पेला तसाच ठेवला. 

बँकॉकमध्ये मी सहा वर्षं एकाच फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होते. मालकीणबाई समोरच्याच दारात राहायच्या. त्यांना मी ‘पा’ म्हणते. आईबापापेक्षा वयानं मोठ्या बाईला तिकडं तसं म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणावं तसं. पांनी समोरासमोरचे दोन फ्लॅट एकदम घेतले होते, एक स्वतःला आणि एक मुलाला. मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियात गेला, तिथंच नोकरी लागली, लग्न झालं. तो येईल म्हणून त्यांनी फ्लॅट दोन वर्षं झाडून-पुसून रिकामा ठेवला होता. मग मला दिला. सहा वर्षांनी त्या एका रविवारी पपया घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मुलानं तिकडं घर घेतलं, आता तो काही येत नाही. हा फ्लॅट विकायचा आहे. तुला हवा असेल तर आधी तुला.

मी विचार करून सांगते म्हटलं. खरं तर त्या दारातून गेल्या तेव्हाच माझं ठरलं होतं. दुसऱ्या कुणाला तो दाखवायचा, कुणी येऊन माझ्या खिडकीपाशी उभं राहून पडद्याचं माप घ्यायचं, हे मला नको होतं. पण तेवढ्यावर घर घेता येत नाही. तिकडचा नियम असा की एका इमारतीत परदेशी मालकांची जागा निम्म्याच्या आतच असली पाहिजे. आमच्या इमारतीत थोडीशीच उरली होती. इमारतीच्या कचेरीकडून तसं पत्र घ्यायचं, आणि ते पत्र थोडेच दिवस चालतं. दुसरा नियम आणखी विचित्र. घराचा पैसा देशाबाहेरून आला पाहिजे, आणि बँकेच्या कागदावर तो कशासाठी आला ते लिहिलेलं पाहिजे. मी तिथंच मिळवायची, पण शिल्लक दर महिन्याला आष्ट्याच्या बँकेत पाठवत आले होते. आता तीच आष्ट्याहून परत बँकॉकला न्यायची. हे आबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे कारखान्यावर घातलेला ऊस पुन्हा फडात आणायचा.

त्या दिवाळीला गावी गेले ते याच कामासाठी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना दादानं विषय काढला. एवढ्या पैशात सांगलीत चांगला फ्लॅट येतो, साताऱ्यात तर ऐसपैस येतो. रिटायर झाल्यावर तू इकडंच येणार. मग तिकडं कशाला गुंतवून ठेवतेस? तो रागानं बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं आणि मला नीट सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, बघूया तरी. मग दोन दिवस दादा, आबा आणि मी फ्लॅट बघत हिंडलो.

सांगलीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. नवा, गुळगुळीत फरशीचा. दाखवणारा माणूस सगळं दादाकडे बघून सांगत होता. दादानं दोनदा सांगितलं की घेणार ही आहे, तेव्हा तो माझ्याकडे वळायचा आणि दोन वाक्यांनी परत दादाकडे जायचा. आबा आतमध्ये आलेच नाहीत. खाली जिन्याच्या भिंतीपाशी उभे राहून ते रखवालदाराला, मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते विचारत होते. रखवालदारानं आपल्या गळ्याला हात लावून दाखवला. आबांनी त्या उंचीवर भिंतीला तळवा टेकवला आणि वर बघून दादाला खूण केली, चला.

साताऱ्याचा फ्लॅट मात्र मला आवडला. सज्ज्यातून सगळा अजिंक्यतारा दिसत होता. दुपारची वेळ, वारा भरपूर, खाली कुणीतरी गाद्या उन्हात घातल्या होत्या. मी एकटीच त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसले. पाय दुखायला लागलेत, संध्याकाळी खाली फिरायला जायचं आहे, बाजारातून कंदी पेढे आणायचे आहेत, असलं सगळं मनात आणून पाहिलं. ते आलं, आणि सहज आलं. वाईट तर काहीच नव्हतं त्यात. मग मी, शेजारी कोण असेल, असा विचार करायला लागले आणि तिथं काहीच दिसेना. साताऱ्यात मी एकाही माणसाला ओळखत नव्हते. मी ओळखत होते ती गावातली माणसं, आणि ती मला दिवाळीला आलेली पाहुणी म्हणून ओळखत होती.

परतताना उंब्रजच्या अलीकडे चहाला थांबलो. दादा गाडीत हवा भरायला गेला. आबा आणि मी बाकड्यावर. समोरून ट्रक जात होते. आबांनी बशीत चहा ओतला आणि ट्रकांकडे बघतच विचारलं,

“तिथं शेजार कसाय तुजा?”

मी त्यांना पांचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला होता, तो घरी कळवलाच नव्हता. तीन दिवस पांनी भाताची पेज करून आणली, चौथ्या दिवशी माझी अवस्था बघून स्वतः टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं नातं काय म्हणून विचारल्यावर त्यांनी काहीतरी सांगितलं आणि आत शिरल्या. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. डेंग्यूचं कळवलं नाहीस म्हणून रागावले नाहीत.

“आमी चोवीस वर्सं देसभर हिंडलो,” ते म्हणाले. “सगळं क्वार्टरमदी. खिळा ठोकायचा तरी इचारून. आनि हितं माजं शेत हाय म्हनून ते निभलं.” मग म्हणाले, “सहीच्या दिवशी तू काय बोलली न्हाईस.”

“बोलण्यासारखं काय न्हवतं, आबा. मी राजीखुशीनंच केली.”

“ते हाय. पर मला इचारायला पायजे हुतं, तुला काय पायजे म्हनून. मी नुसतं कागद म्होरं ठेवला.”

दादा लांबून येताना दिसला. आबांनी बशी खाली ठेवली.

“घे तू ते घर,” ते म्हणाले. “शेजार हाय, मग घे.”

दादा आल्यावर त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की साताऱ्याचं राहू दे, तिला तिकडंच घेऊ दे. दादानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि गाडी सुरू केली. कराड येईपर्यंत तो, तिकडं बांधकाम कसं असतं, पाणी चोवीस तास येतं का, असलं विचारू लागला. तो एकदा एखाद्या गोष्टीला लागला की मग मागं बघत नाही.

आष्ट्याच्या बँकेत आबा माझ्याबरोबर आले. शाखेचे साहेब तरुण होते, विदर्भाकडचे, बोलायला सज्जन. आष्ट्याहून परदेशात पैसे पाठवायचं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. लोकांचे पैसे यायचे, जायचे नाहीत. त्यांनी सांगलीच्या मोठ्या शाखेला फोन लावला, कागद मागवले आणि म्हणाले, कारण काय लिहायचं? फ्लॅट खरेदी लिहिलं तर वरून चार प्रश्न येतील, आठ दिवस जातील. घरखर्च लिहूया, लगेच जाईल. मला घाई होती, पत्राची मुदत चालली होती. पण तिकडच्या कागदावर खरेदीच लिहिलेली हवी होती, नाहीतर सगळंच फुकट. मी ते समजावून सांगायला लागले तर आबांनी मध्येच विचारलं, खरं काय आहे? साहेब म्हणाले, खरं तर खरेदीच आहे.

“मग खरेदीच लिवा की,” आबा म्हणाले.

लिहिलं. मग साहेबांनी माझा पासपोर्ट आणि खातेपुस्तक शेजारी ठेवलं आणि त्यांचं बोट एका जागी थांबलं. कॉलेजात असताना हे खातं उघडलं तेव्हा कुणीतरी आडनावात एक इंग्रजी अक्षर जास्तीचं घातलं होतं. पासपोर्टात ते नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाचं काही अडलं नाही. पण बँकॉकच्या भूमी कार्यालयात मला आधीच बजावलं होतं, नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. प्रतिज्ञापत्र करायचं, ते सांगलीला जाणार, तिथून आणखी कुठं, मग खात्यातलं नाव बदलणार, मग पैसे. साहेबांनाच वाईट वाटलं. माझी रजा चार दिवसांवर संपत होती.

मी सगळ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या आणि परत गेले. जाताना आबांना म्हटलं, अधूनमधून चौकशी करा. मला वाटलं, आठवड्यातून एकदा करतील. पुढं वहिनीनं सांगितलं ते असं. आबा रोज सकाळी न्याहारी झाली की स्कूटर काढायचे, बँक उघडायच्या आधी दारात असायचे. आत गेल्यावर साहेबांच्या केबिनसमोरच्या खुर्चीत बसायचे. काही विचारायचे नाहीत. साहेबांनीच मान वर करून, आज नाही आबा, म्हटलं की उठायचे आणि परत यायचे. फौजेत रिपोर्ट करायला जावं तसं. तिसऱ्या दिवसापासून साहेब त्यांना चहा द्यायला लागले. सहाव्या दिवशी साहेबांनी सांगलीच्या शाखेला त्यांच्यासमोर फोन लावला आणि सांगितलं की माझ्याकडे एक सुभेदार रोज येऊन बसतायत, त्यांना मी काय उत्तर देऊ.

इकडं बँकॉकमध्ये पत्राची मुदत संपली. मी इमारतीच्या कचेरीत नवं मागायला गेले तर तिथल्या मुलीनं सांगितलं, जागा अजून आहे, पण नवव्या मजल्यावरचा एक फ्लॅट एका परदेशी जोडप्यानं बघितला आहे. त्यांचं आधी नोंदलं गेलं तर तुमचं बसेल की नाही सांगता येत नाही. त्याच आठवड्यात पांकडे एक गिऱ्हाईक आलं, तिथलाच माणूस, त्याला नियमाची अडचण नाही, पैसे तयार. दलाल पांच्या दारात बराच वेळ उभा होता. मी आतून आवाज ऐकत होते, शब्द कळत नव्हते. तो गेल्यावर मी बाहेर येऊन पांना म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, तुम्हाला त्याला द्यायचा असेल तर द्या. मी दुसरा भाड्यानं बघीन.

त्या चपला नीट लावून ठेवत होत्या. म्हणाल्या, तुझ्या वडलांचं काय झालं बँकेत? मी सांगितलं, रोज जातायत. त्या म्हणाल्या, ते रोज जातायत तोवर मीपण थांबते.

पैसे अकराव्या दिवशी आले. बँकेचा कागद हातात आला, त्यावर नाव बरोबर, कारण बरोबर. नवव्या मजल्यावरच्या जोडप्याचं काय झालं ते मला कळलं नाही, पण त्यांचं आधी झालं नव्हतं. पा आणि मी भूमी कार्यालयात गेलो. तिथं आपल्याकडच्यासारखीच गर्दी, तशाच खुर्च्या, नंबराची चिठ्ठी. एका टेबलावर पांनी सही केली, शेजारी मी केली. अधिकाऱ्यानं मालकीपत्राच्या पाठीमागं नव्या मालकाचं नाव थाई अक्षरांत नोंदवून तो जाड कागद माझ्याकडे सरकवला. पांचा हात रिकामा झाला. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, मग चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, भूक लागली. आम्ही समोरच्या टपरीत नूडल्स खाल्ले. त्या दिवशी पांनी मुलाविषयी बरंच सांगितलं, लहानपणी तो काय खायचा, शाळेत कुठल्या रंगाचे बूट मागायचा. मी ऐकत होते. विकत घेणाऱ्याला आनंद होतो तसा मला झाला होता, पण तो थोडा दाबून धरावासा वाटला.

मे महिन्यात, ऊस गेल्यावर, आई आणि आबा आले. दोघांचा पहिलाच परदेश प्रवास. आईनं पिशवीतून तांब्या, हळदकुंकू आणि खोबऱ्याची वाटी आणली होती, विमानतळावर कुणी काढून घेऊ नये म्हणून साडीत गुंडाळून. घरभरणी नाही झाली तरी दूध उतू घालायचंच, असं तिनं ठरवलं होतं. माझी शेगडी विजेची, काचेची. दूध वर आलं, काठावरून सांडलं की ती टींटीं करून बंदच पडायची. चार थेंबांच्या पुढं जाईना. तीनदा झालं. आई कंटाळून म्हणाली, हिला उतू जाणंच ठावं न्हाई. आवाज ऐकून समोरून पा आल्या. काय चाललंय ते मी सांगितल्यावर त्यांनी खुणेनं थांबा म्हटलं आणि आपल्या घरातून जुनी तारेची शेगडी घेऊन आल्या. तिच्यावर दूध भरभरून उतू गेलं, ओट्यावर पसरलं. आईनं हात जोडले, ते बघून पांनीही जोडले. मग दोघींनी मिळून ओटा पुसला. त्यानंतर आठ दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या, आई मराठीत आणि पा थाईत, आणि मी कामावरून आले की दोघी मला त्याचं भाषांतर विचारायच्या नाहीत.

आबांना पहिले तीन दिवस उंचीची सवय होईना. सज्ज्यात जायचे नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे ते एकटेच लिफ्टनं खाली उतरले आणि साडेआठ झाले तरी परतले नाहीत. फोन टेबलावरच होता. मी रखवालदाराला विचारलं, त्यानं हातानं बागेची दिशा दाखवली. मी निघाले तोवर ते समोरून येताना दिसले, ताठ आणि जरा खुशीत. बागेत फेऱ्या मारत होते, म्हणाले. आठ वाजता भोंग्यावर गाणं लागलं आणि धावणारी, व्यायाम करणारी, कुत्री घेऊन आलेली सगळी माणसं जागच्या जागी उभी राहिली. हे तिथलं राष्ट्रगीत आहे हे आबांना कुणी सांगायची गरज पडली नाही. तेही सावधान उभे राहिले. गाणं संपल्यावर शेजारच्या एका म्हाताऱ्यानं त्यांच्या उभं राहण्याकडे बघून हातानं बंदुकीची खूण केली. फौज? आबांनी मान हलवली. तोही फौजेतला निघाला. मग दोघं बाकावर बसले. काय बोललात, मी विचारलं. म्हणाले, बोलायचं काय त्यात, गुडघं दाखवलं एकमेकाला.

त्या दिवशी दुपारी त्यांनी मालकीपत्र मागितलं. चष्मा लावून ते बराच वेळ उलटसुलट बघत बसले. एक अक्षरही वाचता येत नव्हतं. तुझं नाव कुठलं, म्हणाले. मी बोट ठेवलं. त्यांनी त्या ओळीखाली आपलं बोट हळूच फिरवलं आणि विचारलं, यात जास्तीचं अक्षर न्हाई न्हवं? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी कागद घडीवर घडी करून पाकिटात घातला आणि कपाटाच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते मला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ते दोघं परत गेले. विमानतळावर आईनं माझ्या हातात उरलेलं हळदकुंकू दिलं. पांनी तिला सुकवलेल्या आंब्याची पाकिटं दिली होती, ती तिनं हातातल्या पिशवीतच ठेवली.

त्यानंतर महिनाभरानं दारात एक पत्र आलं. इमारतीच्या मालकांची वर्षाची बैठक होती. सहा वर्षं अशी पत्रं पांच्या दारात पडताना मी बघितली होती, माझ्या नावानं पहिल्यांदाच आलं. तळमजल्यावरच्या खोलीत साठ-सत्तर माणसं जमली होती. परदेशी मालकांपैकी मी आणि आणखी एक गृहस्थ, बाकी बहुतेक तिथलेच. सगळं थाईत. पा शेजारी बसून मला कानात सांगत होत्या. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली, लिफ्टचं झालं, आणि मग फाटकाजवळच्या मोठ्या झाडाचा विषय निघाला. त्याच्या मुळांनी फरशी उचलली होती, गाड्या आत घेताना आपटत होत्या. झाड तोडावं असं समितीचं म्हणणं. कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं. कुणी उठेना.

मी उठले. माझी थाई कारखान्यातली, यंत्रांची आणि तापमानाची. तेवढ्यातच मी सांगितलं की मुळं उघडी करून त्यांच्यावरून उताराची फरशी करता येते, आम्ही एका कारखान्याच्या आवारात तशी केली होती, झाड अजून उभं आहे. बोलताना दोन शब्द चुकले. पांनी खालून दुरुस्त केले. समोरचे एक गृहस्थ हसले, पण त्यांनी हात वर केला तो माझ्याच बाजूनं. मोजणी झाली. झाड राहिलं, फांद्या तेवढ्या छाटायच्या ठरल्या.

रविवारी फोनवर मी हे आबांना सांगितलं. त्यांनी झाड कसलं ते विचारलं. चिंचेसारखं पान आहे, पण चिंच नव्हे, म्हटलं.

“आनि तू उठून बोललीस?”

“व्हय.”

“सगळ्यांम्होरं?”

“व्हय, आबा. मोडकंतोडकं बोलले, पर बोलले.”

 मग त्यांनी आईला हाक मारून बोलावलं आणि फोन तिच्याकडे देता देता तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. मी इकडून ऐकत राहिले.